शिंप्याची एकोणपन्नास पाखरं

एका बाजारपेठेच्या गावात एक शिंपी होता आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून एक न्हावी होता. दोन दुकानांपुढे ओटा मात्र एकच. शिंपी न्हाव्याचे कपडे शिवायचा, न्हावी शिंप्याची दाढी करायचा, आणि कुणी कुणाला पैसे विचारायचा नाही. त्यांच्या वडिलांपासून हे असंच चालत आलं होतं.

वडिलांपासून आणखीही एक गोष्ट चालत आली होती. त्या काळी सिगारेटच्या पाकिटात एकेक रंगीत चित्र निघायचं. त्या दोघा म्हाताऱ्यांनी जन्मात कधी सिगारेट ओढली नाही, पण ओट्यावर बसलेलं गिऱ्हाईक पाकीट फोडायला लागलं की दोघांचेही हात एकदम पुढे व्हायचे. असं मागून मागून त्यांनी पाखरांची पन्नास चित्रं जमवली, मोरापासून घुबडापर्यंत.

शेवटच्या आजारात शिंप्याच्या बापाने पत्र्याची पेटी मुलाच्या हातात दिली. म्हणाला, "यात एकोणपन्नास पाखरं आहेत. घुबड शेजारी आहे, ते तिथंच राहू दे. खंडेनवमीला तेवढी सगळी एकत्र मांडत जा." मुलगा 'बरं' म्हणाला. घुबड शेजारी का, हे विचारायचं काही त्याला सुचलं नाही.

दर खंडेनवमीला मग कात्री आणि वस्तरा पूजून झाला की शिंपी आपली पेटी आणायचा, न्हावी आपलं घुबड आणायचा, आणि ओट्यावर पाखरं मांडली जायची. सगळं गाव बघायला लोटायचं. पोरं आपापलं पाखरू ठरवून ठेवायची आणि त्यावरून मारामाऱ्याही करायची.

एका वर्षी त्या गर्दीत शहरातले एक गृहस्थ होते. जुन्या वस्तूंचे शौकीन. ओट्यावर नजर गेली आणि त्यांचा चष्माच घसरला.

"पन्नासच्या पन्नास! आणि इतकी कोरी!" ते म्हणाले. "सुटी चित्रं गल्लोगल्ली मिळतात हो, त्यांना कोण विचारतो? पण पुरा संच मी आजवर पाहिला नाही. याच्या किमतीत शिलाईचं नवं यंत्र येईल आणि वर घराची कौलंही बदलून होतील. अक्षय तृतीया झाली की पैसे घेऊन येतो. तोवर अशीच जपा."

ते गेले आणि दोघे मित्र ओट्यावर बसून राहिले. आधी शिंप्याने घसा खाकरला.

"हे बघ गड्या, पाखरं एकोणपन्नास माझी, एक तुझं. तेव्हा पन्नासातला एक वाटा तुझा. हिशेब सरळ आहे."

"माझ्या घुबडावाचून तुझी पाखरं म्हणजे पोरांचा खेळ," न्हावी म्हणाला. "ते तर आत्ताच ऐकलंस ना? निम्मं दे, नाहीतर राहू दे."

"निम्मं? एका घुबडाचं?"

"मग उडव तुझी एकोणपन्नास!"

झालं. जन्माची मैत्री एका घुबडावरून मोडली. दुसऱ्या दिवशी शिंपी दाढीला गेला नाही आणि न्हावी फाटका सदरा घेऊन शिंप्याकडे आला नाही. पैसे देऊन दुसरीकडे जावं, तर पैसे देऊन दाढी करून घ्यायची शिंप्याला सवय नव्हती, आणि न्हाव्यालाही पैसे देऊन बटण लावून घेणं लाजिरवाणं वाटे. होळीपर्यंत शिंप्याची दाढी पोटाला टेकली आणि न्हाव्याच्या सदऱ्याला एकही बटण उरलं नाही.

"अहो, निम्मं देऊन टाका," शिंपीण म्हणायची. "आपल्या घरात निम्मं तरी येईल. आणि तुमची ही दाढी जाईल!"

पण शिंप्याला आता वेगळीच धास्ती लागली होती. न्हावी पेटी चोरेल! मग त्याने काय करावं? शिंपीच तो. त्याने जाड कापडाचा एक कोट शिवला, आतून मलमलीचे एकोणपन्नास कप्पे केले, प्रत्येकात एक पाखरू ठेवून तोंड शिवून टाकलं आणि कोट अंगात चढवला. तेव्हापासून तो जेवतानाही कोटात, झोपतानाही कोटात. कंबरेत वाकता येईना, म्हणून सुई पडली तर ती बायकोने उचलायची.

तिकडे न्हाव्यालाही तीच धास्ती. त्याच्या डोक्याला टक्कल होतं, त्यावर रोज खोबरेल चोळायची त्याला सवय. त्याने घुबड टोपीखाली दडवलं आणि टोपी काढणंच सोडलं. तेल मात्र टोपी जराशी उचलून तसंच आत सोडायचा.

चैत्र गेला, वैशाख आला. ऊन असं तापलं की कुत्री ओट्याखालून बाहेर येईनात. शिंप्याने आतला सदरा काढून टाकला, पण कोट नाही. घामाच्या धारा लागल्या. दाढीत घामोळं आलं. एका दुपारी तो अगदी रडकुंडीला येऊन न्हाव्याच्या दारात उभा राहिला. आत न्हावी एकटाच वस्तरा परजत बसला होता, आणि त्याचा उघडा सदरा बघून शिंप्याचे हात शिवशिवले. या माणसावाचून आपल्याला करमत नाही, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. 'निम्मं घे, पण बोल' एवढंच म्हणायचं होतं. पण त्याला यंत्र आठवलं, कौलं आठवली. तो परत फिरला.

पुढच्याच आठवड्यात गृहस्थ आले. सगळं गाव ओट्यापुढे गोळा झालं. शिंप्याने कोटाची शिवण उसवली, पहिल्या कप्प्यात हात घातला आणि बाहेर आला तो करड्या कागदाचा ओला लगदा. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही तेच. घाबरून त्याने कोटच काढून फेकला.

तेवढ्यात एक पोरगी ओरडली, "आई, बघ! काकांच्या पोटावर मोर!"

पोटावर मोर, छातीवर राघू, पाठीवर बगळे. सगळ्या पाखरांचे रंग घामाने उतरून शिंप्याच्या अंगावर उमटले होते. न्हावी खो खो हसायला लागला. हसता हसता टोपी पडली, आणि तुळतुळीत डोक्यावर उमटलेल्या घुबडाने गावाकडे डोळे वटारले.

गृहस्थांनी चष्मा पुसला. दोघांना शेजारी शेजारी उभं केलं, गोल फिरवून नीट पाहिलं.

"संच पुरा आहे," ते म्हणाले, "पण मी चित्रं घेतो, माणसं नाही." आणि परतीच्या वाटेला लागले.

गाव हसून हसून लोळलं. शिंपी हसला नाही. बापाने जपलेली पाखरं आपल्या अंगावर वाळत होती, आणि बापाने घुबड शेजारी का ठेवलं ते त्याला आत्ता कळत होतं. त्याने डोळे पुसले.

न्हाव्याचंही हसू थांबलं. तो शिंप्याच्या जवळ आला.

"बस खाली," तो म्हणाला. "आधी ती दाढी काढू. तिच्याखालची बदकं दिसत नाहीत."

"आधी तुझी बटणं," शिंपी म्हणाला, आणि सुईत दोरा ओवायला लागला.

पुढे आंघोळीगणिक एकेक पाखरू उडून गेलं. पण तोवर गावातल्या पोरांना पाखरं बघायची असली, की त्या दोघांना ओट्यावर एकमेकांना चिकटून बसावं लागे.

तात्पर्य: दोघांच्या मिळून असलेल्या ठेवीची किंमत ती एकत्र मांडली तरच राहते, एकट्याने उराशी कवटाळली, तर ती आपल्याच घामाने विरघळते.