चिमणीचा पाव आणि हिकमतकाकांचा डोनर

लांब, खूप लांब एक शहर. त्याचं नाव बर्लिन. तिथे हिकमतकाकांची गाडी. गाडीवर उभी सळई. सळईवर मांसाचा हा एवढा थोरला गोळा. गर्रर्र गर्रर्र फिरतो. काका सुरीनं कापतात, सर्र सर्र. त्याचं नाव डोनर.

काकांच्या गावी, तुर्कस्तानात, डोनर ताटलीत देतात. सोबत भात. बर्लिनमध्ये मात्र पावात भरून देतात.

तिथेच राहायची एक इवलीशी चिमणी. तिला सापडला पावाचा तुकडा. तीळ लावलेला! आता खाणार, तेवढ्यात आला जाडा कुत्रा. धप्प! तुकड्यावरच बसला.

"कुत्र्या, कुत्र्या, ऊठ ना!"

"मला डोनर दे, मग उठतो."

चिमणी गेली टुप टुप काकांकडे.

"काका, काका, डोनर कापा. कुत्रा उठेना. मी खाऊ काय?"

"पाव संपले गं! पावाशिवाय मी सुरी उचलत नाही. पाव आण, मग कापतो."

चिमणी गेली टुप टुप बेकरीत, ऊटेमावशींकडे.

"मावशी, मावशी, पाव भाजा. काका कापेनात, कुत्रा उठेना. मी खाऊ काय?"

"पिठाच्या पोत्यावर मनी बसलीय. तिला उतरव, मग भाजते."

चिमणी गेली टुप टुप मनीकडे.

"मनी, मनी, खाली उतर. मावशी भाजेनात, काका कापेनात, कुत्रा उठेना. मी खाऊ काय?"

"मला दही दे, मग उतरते. म्यांव!"

चिमणी गेली टुप टुप नुर्तेनकाकूंकडे. काकू म्हणजे हिकमतकाकांची बायको. डोनरवरचं दही त्याच करतात.

"काकू, काकू, दही द्या. मनी उतरेना, मावशी भाजेनात, काका कापेनात, कुत्रा उठेना. मी खाऊ काय?"

"मला कुठला वेळ? ही बघ लसणाची रास! लसूण सोल, मग देते."

"आता लसूण?" चिमणीचे पंख फुगले. "वैताग आलाय मला! जो तो म्हणतो, मग देतो, मग देते! आणा तो लसूण इकडे!"

टोच टोच टोच! सालं उडाली फर्र फर्र. चोच झोंबली. पण लसूण सोलून झाला.

मग काकूंनी दही दिलं. मनी उतरली. मावशींनी पाव भाजले. काकांनी डोनर कापला, सर्र सर्र. कुत्र्यानं खाल्ला, मचक मचक.

आणि कुत्रा उठला!

आणि तुकडा? पार चप्पट! वर कुत्र्याचे केस!

"शी!" चिमणी मटकन खालीच बसली. डोळ्यांत पाणी.

काकांनी पाहिलं. त्यांनी गरम पावाचा मऊ मऊ कोपरा तोडला.

"कोबी घालू?"

"घाला."

"टोमॅटो घालू?"

"घाला."

"वरून दही..."

"अहो काका, सगळं घाला! पण आता मला काही विचारू नका!"

काका हसले खो खो. एवढुसा डोनर त्यांनी कागदात गुंडाळला. चिमणीसमोर ठेवला.

चिमणीनं खाल्ला. चोच माखली. पोट झालं टम्म!

आणि चिमणी गेली उडून. भुर्रर्र!