मागं वळून पाहणारं हरीण

“कालचं चित्र आठवतंय का, तातोबा?”

“कसलं चित्र रे?”

झालं! त्यांच्या शिष्यानं, लवूनं, पंच्याखालचं चित्र मागं ओढलं.

तातोबा म्हणजे कुडाळकडचे, चित्रं दाखवत रामायण गाणारे. चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणत. त्या पोथीचा कायदा कडक होता. शिष्यानं चित्र काढावं, गुरूनं एकदा बघावं, मधे रात्र जाऊ द्यावी. सकाळी गुरूला ते आठवलं तरच आत. भल्याभल्यांना रडवलं होतं म्हाताऱ्यानं.

आणि मग त्यांच्या मेंदूत ताप गेला. जुनं सगळं शाबूत, पण सकाळचं नवं दुपारी टिकेना. डॉक्टर म्हणाले, “आठवण साठवायची जागाच गेलीय. डोळ्यांनी पाहिलेलं मुरतं ती जागा वेगळी, ती मात्र धड आहे.” लवूनं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. दुसरं ऐकायला ताळ्यावर होता कोण!

त्यानं मारीच काढला होता. पोथीतली सगळी हरणं पुढं पळतात. लवूचं मागं वळून बघत होतं, राम येतोय ना म्हणून.

रोज तो चित्र दाखवी. रोज तातोबा हरखत, “वा! कुणाचं रे हे?” आणि सकाळी पाटी कोरी.

आज मात्र लवूचा बांध फुटला.

“जातो मी. गोव्याला नाटकाचे पडदे रंगवीन. माझं चित्र ह्या जन्मी तुमच्या पोथीत यायचं नाही.”

“दाखव तरी.”

“कितीदा दाखवू?” त्यानं पंच्यात झाकलेलं चित्र रागानं पुढं सरकवलं. पंचा जरासा ढळला. शिंगाचं टोक तेवढं बाहेर आलं.

“मारीच,” तातोबा म्हणाले.

लवू थबकला.

तातोबांचं बोट पंच्यावरून फिरत होतं. पाठ... खांदा... आणि मान. नेमकी मागं वळलेली मान.

मग बोट खाली उतरलं आणि थांबलं. “हा पाय आखूड पडलाय, लबाडा.”

“म्हणजे आठवतंय तुम्हांला!”

“छे! आजच तर बघतोय.”

“तातोबा, वर पंचा आहे. बघताय कुठं?”

म्हाताऱ्यानं पंच्याकडं बघितलं. लवूकडं बघितलं... आणि बोळकं उघडून हसला.

मग त्यानं पोथीची दोरी सोडली. चित्र हातात घेतलं, दोन पानांच्या मधे सारलं.

लवू पुढं सरसावला. “पण... कायदा? तुम्हांला आठवत तर नाही!”

तातोबांनी त्याचा कान धरून त्याला जवळ ओढलं.

“घास घेताना तोंड कुठंय ते आठवत बसतोस होय रे, गधड्या?”