दांडवाडीची ठमाबाई आणि मानमोडी

फार फार वर्षांमागं खिंडीपल्याडच्या दांडवाडीत ठमाबाई नावाची एकटी बाई राहायची. शेत नव्हतं, गुरं नव्हती. होत्या त्या चाळीस कोंबड्या. तिनं हाक मारली की त्या समोरच्या डोंगरावरून उडत यायच्या, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात देवीची जत्रा आठ दिवसांवर आली होती. शेजारच्या गोमाजीनं नवसासाठी बाजारातून कोंबडा आणला. तिसऱ्या दिवशी तो पंख पाडून बसला, हिरवं पाणी हगायला लागला. मग त्याची मान पिळवटून पाठीला लागली. लहानपणी माहेरी ठमाबाईनं हेच पाहिलं होतं. पंधरा दिवसांत तिथं आरवायला एक कोंबडा उरला नव्हता.

"गोमाजीभाऊ, ही मानमोडी. एकीची दुसरीला लागते, औषध नाही. मारून खोल पुरा."

"नवसाचा आहे गं तो," गोमाजी म्हणाला. कोंबडा मेला तेव्हा त्यानं तो ओढ्यात टाकला.

दोन दिवसांनी ठमाबाईच्या तांबड्या कोंबडीची मान वाकडी झाली. सगळ्या एकाच परातीत खाणाऱ्या. ठमाबाईनं पुरुषभर खड्डा खणला. चाळीसही कोंबड्या तिनं एकेकीला नावानं हाक मारून मारल्या, वर चुना टाकला, खुराडं जाळलं. डोळे वाहत होते, हात थांबला नाही. ते पाहून गोमाजीनं आपल्या उरलेल्या कोंबड्या आणून दिल्या.

मग ती खिंडीत गेली आणि वाटेवर राखेची रेघ ओढून उभी राहिली. बाजारातून जत्रेसाठी कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन माणसं आली. पुढं गावचा भगत होता.

"बाजूला हो, ठमे. देवी कोपेल."

"देवीला गावातलं धडधाकट द्या, बाबा. बाजारचं आत येणार नाही. माझ्या चाळीस गेल्या. तुमच्या तरी राहू देत."

भगतानं तिच्या हातांवरचे फोड पाहिले आणि आपली टोपली परत फिरवली. मागची माणसंही फिरली.

एकवीस दिवस ती नुसत्या ताकावर उभी होती. वावटळी आल्या, पण राख जागची हलली नाही, असं म्हणतात. त्या साली भोवतालची सात गावं मुकी झाली. दांडवाडीचे कोंबडे आरवले की सातही गावं उठायची, असं म्हणतात.

बाविसाव्या दिवशी घरटी एक पिल्लू तिच्या अंगणात आलं. पहिलं गोमाजीनं आणलं.

अजून दांडवाडीत बाजारची कोंबडी थेट घरी नेत नाहीत. खिंडीतल्या खोपटात ती एकवीस दिवस राहते. त्याला ठमाबाईचा मुक्काम म्हणतात. आता मानमोडीची लस आली आहे. उन्हाळ्याआधी लस टोचणारे येतात, तेव्हा गावातली सर्वांत म्हातारी बाई पहिली कोंबडी पुढं धरते आणि म्हणते, "ही ठमाबाईची."