गुणाजीचा टोला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. मोजायला तेव्हा मी नव्हतो आणि तुम्हीही नव्हता.

दोन गावांच्या मध्ये एकच हिरवंगार कुरण होतं. भांडणं नकोत म्हणून जाणत्यांनी रीत घालून दिली होती. दरवर्षी दोन्ही गावांच्या एकेका गड्यानं दांडूनं विटीला एकच टोला हाणायचा. ज्याची विटी लांब, त्याच्या गावच्या गुरांना वर्षभर चारा.

वरच्या गावाचा गडी गुणाजी. दंड असे, की दारातून आडवं होऊन जावं लागे. पण पठ्ठ्या सलग दोन वर्षं हरला! गावानं त्याला आणखी तूप चारलं, दांडू हातभर लांब केला. तिसऱ्या वर्षी विटी उडाली ती थेट पाटलांच्या पागोट्यात. गुरं वाळका पाला चघळत राहिली. चौथ्या टोल्याला महिना उरला, तेव्हा गुणाजीची म्हैस धड उठेना. त्याला रडूच फुटलं.

सरपण फोडणारी म्हातारी आवडाक्का तिथून चालली होती. म्हणाली, "रडतोस काय, मेल्या? आधी उभा राहायला शीक."

"अगं आक्का, वर्षाचा होतो तेव्हाच शिकलोय की!"

"बरं. टोला मारताना राहतोस तसा राहा बघू."

पाटलांसमोर उभं राहायची गावाची पद्धत होती, तसाच गुणाजी उभा राहिला. पाय जुळवून, गुडघे ताठ, छाती पुढे. आक्कानं एका बोटानं ढकललं आणि एवढा मोठा गडी धाडकन शेणात!

"मी असं उभं राहून लाकूड फोडलं असतं ना, तर पायच फुटला असता माझा," आक्का म्हणाली. "पाय फाकव. गुडघे सैल सोड. कमरेत थोडा वाक. आणि नजर विटीवर ठेव, लोकांवर नको."

महिनाभर गुणाजी नुसता उभा राहायला शिकला. गाव पोट धरधरून हसलं.

तो दिवस उजाडला. खालच्या गावाची विटी ओढ्यापर्यंत गेली. गुणाजीनं पाय फाकवले, तोच पाटील कडाडले, "अरे, मोठ्यांसमोर असं उभं राहतात? जुळव ते पाय!"

गुणाजी पेचात पडला. पाय जुळवले तर म्हैस जाते, नाही जुळवले तर पाटील खवळतात.

"पाटील, पाया नंतर पडतो!" म्हणाला आणि हाणला टोला. विटी ओढ्यावरून गेली, पलीकडची बाभळ ओलांडून गेली, आणि शोधायला अख्खं गाव धावलं.

दुसऱ्या दिवशी म्हशीला चौघांनी आधार देऊन कुरणात नेलं. पाटलांनीही दवंडी पिटवली, की यापुढे टोला मारणाऱ्याच्या पायांबद्दल कुणी बोलायचं नाही, पाटलानंसुद्धा नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, अंगात जोर कितीही असला, तरी पाय नीट रोवल्याशिवाय तो कामी येत नाही.