सात रांजण

या गोष्टीला पुष्कळ वर्षे लोटली. समुद्रातल्या एका लहानशा बेटावर वीस-पंचवीस घरांची वस्ती होती. बेटावर भात पिकत नसे. तांदूळ होडीने पलीकडून येई, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या बंद होत. आणलेला तांदूळ नारळी पौर्णिमेपर्यंत कधीच पुरत नसे. शेवटचे पंधरा-वीस दिवस सगळी वस्ती वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या पेजेवर काढी.

ओहोटीला खडकांवरून शेवाळ खुडून आणायला सगळ्याच बायका जात. ते वाळवून रांजणात भरण्याचे काम मात्र चांगुणाकडे होते. तिने भरलेले शेवाळ चार महिन्यांनी काढले तरी हिरवेगार असे. तिला हे सासूने शिकवले होते. शेवाळ वाळूवर नाही, जुन्या जाळ्यांवर पसरायचे. दुपारच्या कडक उन्हात रंग उडतो, म्हणून सावलीत ओढायचे. दव लागू द्यायचे नाही. देठ वाकतो तोवर थांबायचे, कट्‌कन मोडला की मगच भरायचे.

एका वर्षी शेवाळ पसरलेले असतानाच पलीकडच्या गावी चांगुणाच्या धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. होडी दुपारी सुटणार होती आणि देठ अजून वाकत होते. आणखी एक दिवस हवा, शेजारणीला सांगून जा, ती बघेल, असे सासूने सुचवले. चांगुणाला ते रुचले नाही. आपले काम दुसरीने पुरे केले असे कुणी म्हणायला नको. झाले वाळून, असे सांगून तिने सातही रांजण दाबून भरले, तोंडे मातीने लिंपली आणि होडी गाठली.

आठ दिवसांनी ती परतली. रांजणाला हात लावला तर तो कोमट लागला. लिंपलेल्या मातीच्या फटीतून आंबूस वास येत होता. पाऊस अजून पंधरा दिवस लांब होता. रांजण उपसून शेवाळ पुन्हा पसरले असते, तर निम्मे तरी वाचले असते. पण ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करावे लागले असते. तिने माती कालवली आणि तोंडांवर आणखी एक थर दिला.

आषाढ सरता सरता तांदूळ संपला. रांजण अंगणात आणून उघडले. पहिल्यात काळा चिखल होता, वर पांढरी बुरशी. दुसऱ्यात तेच. सातव्यापर्यंत तेच.

चांगुणाच्या हातून असे होणार नाही, कुंभारानेच रांजण कच्चे दिले, असे लोक म्हणू लागले. चांगुणाने ते ऐकले आणि मान खाली घातली.

पुढचे दिवस लोकांनी खेकडे आणि उकडलेल्या कंदांवर काढले. शेजारची सोनकी बाळंतीण होती. चांगुणाची सासू रोज आपल्या वाट्याचे तिच्याकडे पोचवी आणि घरी भूक नाही म्हणून सांगे. बाराव्या दिवशी म्हातारीला उठवेना.

चांगुणा तिच्या उशाशी बसली. "आत्याबाई, रांजण कच्चे नव्हते," ती म्हणाली. "मी शेवाळ ओले भरले. परत आले तेव्हा मला वासही आला होता."

"मला ठाऊक होतं," म्हातारी म्हणाली. "तू यायच्या आधी मी रांजणाला हात लावून पाहिला होता. तू आपणहून सांगशील म्हणून वाट पाहिली. मग तुझी लाज जाऊ नये म्हणून गप्प बसले. मीही चुकलेच, पोरी."

नारळी पौर्णिमेला होड्या सुटल्या. त्याच्या चार दिवस आधी म्हातारी गेली होती.

चांगुणाने सगळी वस्ती गोळा केली आणि घडले ते सांगितले. कुंभारापुढे हात जोडले. लोकांनी तिला हाकलले नाही, की कुणी फार बोललेही नाही. पुढच्या वर्षीपासून चांगुणा आणि आणखी एक बाई मिळून शेवाळ वाळवू लागल्या आणि भरलेले रांजण आठ दिवसांनी सगळ्यांसमोर उघडून पाहायची रीत पडली. चांगुणाच्या हातचे शेवाळ पुन्हा कधी बिघडले नाही. पण ते हातात घेऊन, देठ मोडून, "आता भर" म्हणणारे घरात कुणी उरले नव्हते.

म्हणून सांगतो, मुलांनो आणि मोठ्यांनो: वेळीच कबूल केलेली चूक निस्तरता येते, लपवलेल्या चुकीचे भोग दुसऱ्याच्या वाट्याला जातात.