वादळाचं चित्र

काळवली नावाच्या बंदरात सुभानजी चितारी राहत असे. शांत समुद्र तो सहज रंगवी. पण खवळलेला दर्या आणि त्यात झुंजणारी गलबतं कापडावर उतरवायची, हा त्याचा ध्यास होता. असं एक चित्र साधलं की मग हात थांबले तरी चालतील, असं तो म्हणे.

दिवाळी उलटल्यावर एके दुपारी तुफान उठलं. सुभानजी रंग घेऊन टेकडीवर धावला. खडकाच्या आडोशाला त्याने कापडाची चौकट दोरीने बांधली. खाली नांगरलेली गलबतं एकमेकांवर आदळत होती. ढगांच्या फटीतून पिवळा उजेड लाटांवर सांडला होता. कुंचला झरझर चालू लागला. असं काम त्याच्या हातून कधीच झालं नव्हतं.

लाटा न्याहाळताना त्याला दिसलं, बंदरात शिरायच्या नेहमीच्या वाटेवर पाणी फेसाळून फुटतंय. तिथे वाळू साचली होती. उत्तरेच्या कड्याजवळ मात्र पाणी काळंभोर होतं, खोल होतं. आणि समुद्रातून एक गलबत नेमकं त्या नेहमीच्या वाटेनेच येत होतं.

सुभानजी जिवाच्या आकांताने ओरडला. वाऱ्यापुढे आवाज पोचेना. उपरणं हलवलं, तर ते उडून गेलं. इतक्या लांबून दिसेल असं कापड त्याच्याकडे एकच होतं.

उजेड अजून घटकाभर टिकला असता. तेवढ्यात चित्र पुरं झालं असतं.

“पुरं करून काय करू? ह्यांची प्रेतं रंगवू?” तो स्वतःवरच खेकसला.

दोरी सोडून, चौकट उचलून तो उत्तरेच्या निसरड्या कड्याच्या टोकावर गेला आणि ती डोक्यावर धरून हलवू लागला. पावसाने रंग ओघळून तोंडावर आले. गलबत येतच होतं. अखेर शीड वळलं. कड्याला घासेल इतक्या जवळून गलबत आत आलं.

किनाऱ्यावर त्या गलबताचा तांडेल नारबा त्याला शोधत आला.

“तुझ्या हातात काय होतं रे?”

“चित्र.”

नारबाने डागाळलेल्या कापडाकडे पाहिलं. “कसलं?”

“ह्या वादळाचं,” सुभानजी म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं.

नारबाने त्याला पोटाशी धरलं. मागे वाळूत अकरा खलाशी उभे होते आणि धावत येणाऱ्या बायकापोरांना नावं घेऊन हाका मारत होते.

तात्पर्य: हातातलं काम कितीही जिवाभावाचं असो, समोर कुणाचा जीव धोक्यात असेल तर ते सोडता आलं पाहिजे, मग सोडताना कितीही दुखलं तरी.