साहेबांचं तत्त्व आणि इंदुताईंचा घेवडा

मार्गदर्शक शिक्षकांच्या शिबिरात भोगावकरसाहेब सकाळपासून माईक धरून एकच तत्त्व ठासून सांगत होते, "मोठ्या वयाची माणसं भाषणं ऐकून शिकत नाहीत, स्वतः करून बघतात तेव्हाच शिकतात!" करायला मात्र त्यांनी कुणाला काहीच दिलं नव्हतं. शेवटी कंटाळून शिबिराला आलेल्या इंदुताईंनी बाकाखाली घेवडा निवडायला घेतला. नेमकं ते साहेबांनी पाहिलं.

"उभ्या राहा, बाई! माझं भाषण डोक्यात शिरलं का? नसेल, तर दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा शिबिराला यावं लागेल!"

इंदुताई हातातली शेंग मोडत शांतपणे म्हणाल्या, "नाही शिरलं, साहेब. शिरलं असतं, तर तुमचं तत्त्वच खोटं पडलं असतं की!"

साहेबांनी माईक बंद केला.